मेण न लावलेला साचा

गेबहार्ट रेन्झला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या हाल्डेनबाख गावाला माहीत होतं आणि सगळ्या हाल्डेनबाखने त्याचा मनसोक्त फायदा घेतला होता. कुणाचं कपाट वरच्या मजल्यावर चढवायचंय, बोलवा गेबहार्टला. कुणाच्या म्हातारीला उल्म शहरातल्या इस्पितळात न्यायचंय, गेबहार्टकडे गाडी आहे आणि वेळही आहे. जन्मभर दुधाचा टँकर चालवून, भल्या पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून माणूस निवृत्त झाला, तर त्याला जरा टेकू द्यावं की नाही? पण लोकांना तरी कशाला दोष द्या! कुणी दारात उभं राहिलं की हाच बाबा मान डोलावून मोकळा व्हायचा आणि मग दिवसभर स्वतःशीच कुरकुरायचा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. गेबहार्टने त्या बहिणीला घरातच ठेवून घेतलं होतं.

बाकीची कामं एकवेळ परवडली. त्याला खरा खाल्ला तो तळघरातल्या साच्याने.

गावामागच्या टेकडीवर पश्चिमेचा वारा येऊन आपटतो आणि वर चढतो. त्या वाऱ्यावर गावातले बाप्ये बिनइंजिनाची विमानं सोडतात आणि हातातल्या रिमोटने तासन् तास फिरवत बसतात. खेळण्यातली नव्हेत, पंख जोडले तर दारातून आडवी जाणार नाहीत एवढी. पंख ज्याचे त्याने आपापल्या घरी करायचे, फोम कापून, वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून. पण विमानाचं धड, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची ती पोकळ, निमुळती, काचेच्या धाग्यांच्या कापडाची नळी, ती मात्र गेबहार्टच्या तळघरातूनच यायची. कारण साचा त्याच्याकडे होता. विमानाचं नाव पाकोळी. टेकडीवर कधीही जा, दोनचार पाकोळ्या हवेत असायच्याच आणि त्यातली प्रत्येक गेबहार्टच्या हातची.

साचा दिसायला अगदी साधा. होडीसारखी दोन लांब, अरुंद अंगं, एक डावं, एक उजवं, आतून आरशासारखी गुळगुळीत. आधी आतून मेण चोपडायचं, ते वाळलं की कपड्याने घासायचं, परत चोपडायचं, परत घासायचं. मग पांढरा रंग कालवलेलं रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारं चिकट रसायन, ब्रशने लावायचं. त्यावर काचेचं कापड अंथरायचं, तेही रेझिनने भिजवायचं, हवेचा एकेक बुडबुडा ब्रशने टोचून काढायचा. मग दोन्ही अंगं एकमेकांवर बसवून बोल्ट आवळायचे आणि शेपटीच्या चिंचोळ्या भोकातून काठीला बांधलेला ब्रश घालून आतली शिवण चिकटवायची. रेझिन दगडासारखं झालं की साचा उघडायचा. मेण असेल तर धड अलगद सुटून हातात येतं. मेण नसेल तर रेझिन साच्यालाच धरतं, आणि मग ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटत नाही.

सांगायला सोपं आहे हो. करायला बसलं की पाठ मोडते, डोकं दुखतं, काचेची कुसळं कॉलरच्या आत शिरतात आणि अंघोळ केली तरी जात नाहीत. म्हणूनच विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातल्या एकालाही ते काम नको होतं. "साचा घेऊन जा रे, आपापलं करून बघा," असं गेबहार्टने एकदा चाचरत सुचवलं होतं, तर सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "छे, छे, तुझ्या हाताची सर आम्हाला कुठली!" झालं. गडी चढला तो चढला, खाली उतरायची वाट काही कुणी दाखवली नाही.

चढवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे फोल्कमार श्वेंक. क्लबाचा अध्यक्ष, गावचा सुतार, मोठ्या आवाजाचा, मोठ्या हाताचा, आणि गेबहार्टचा शाळेपासूनचा मित्र. पाकोळी मुळात त्याचीच. दोघं विशीत असताना एका हिवाळ्यात, आईच्या धुण्याच्या खोलीत बसून, फोल्कमारने लिंडनच्या मऊ लाकडाच्या ओंडक्यातून ते धड कोरून काढलं होतं. गेबहार्टने त्यावरून साचा घेतला. साचा सोडवताना लाकडी धड शेपटीपाशी कडकन मोडलं, आणि दोघंही मोडक्या लाकडाकडे बघत खुळ्यासारखे हसत सुटले, कारण साचा उत्तम आला होता. त्यानंतर फोल्कमारने गावभर खिडक्या, दारं, जिने केले, पण ती नाकापासून शेपटीपर्यंत उतरत गेलेली रेघ आपल्याला पुन्हा साधली नाही, असं बिअरचा दुसरा ग्लास संपला की तोच सांगायचा.

मागच्या हिवाळ्यात गेबहार्टच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. आधी वाटलं, थंडीने कातडी फुटली असेल. मग ते मनगटावर चढलं. हातमोजे बदलले, मोज्यांवर मोजे घातले, काही फरक नाही. एका धडाचं काम झालं की दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटायचे, आणि बोटं अशी चिरायची की शर्टाची बटणं इर्मीने लावून द्यावी लागायची. इर्मी, म्हणजे त्याची बायको इर्मट्राउट, त्याला ओढत कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली आणि स्पष्टच सांगितलं.

"रेन्झ, तुमच्या अंगाने रेझिनशी कायमचं वैर धरलंय. आता हे सुटायचं नाही. हातमोजे घालून, खिडक्या उघडून, थोडंसंच करून, असलं काही मला सांगू नका. आज कातडीवर आहे, उद्या छातीवर जाईल. बंद म्हणजे बंद."

खरं सांगायचं तर गेबहार्टला आनंद झाला. गाडीत बसल्यावर त्याने खोल श्वास सोडला आणि इर्मीने ते बघितलं.

"बघ," ती म्हणाली, "आता तुला कुणाला नाही म्हणायची गरजच नाही. डॉक्टरनेच म्हटलंय. शुक्रवारी क्लबात जायचं, उभं राहायचं, आणि सांगून टाकायचं."

"सांगतो."

"वचन दे."

गेबहार्टने वचन दिलं, आणि मनापासून दिलं. वचन देण्यात तो कधीच कमी पडला नव्हता.

शुक्रवारी गाडीत त्याने वाक्याची उजळणीसुद्धा केली. 'मित्रांनो, माझी तब्येत आता साथ देत नाही.' क्लबाच्या खोलीत शिरला तर फोल्कमार कोपऱ्यातल्या बाकावर एकटाच, समोरची बिअर तशीच. एरवी हा माणूस दारातूनच आरोळी ठोकायचा.

"माझी पाकोळी गेली रे," फोल्कमार म्हणाला.

"कुठे?"

"वरच्या सुरूच्या झाडांत. ऐन वेळी शेपूट ऐकेना. धडाचे दोन तुकडे." त्याने ग्लास फिरवला. "गुडघे म्हणतात, टेकडी आता फार दिवस नाही, म्हाताऱ्या. एक शेवटची उडवतो. मग बाकावर बसून पोरांची बघेन, शिव्या घालेन. तू करशील ना?"

गेबहार्टचं वाक्य जिभेवर तयार होतं. अगदी ओठांपर्यंत आलं. पण समोरच्याचं तोंड इतकं उतरलेलं, की त्याला वाटलं, आज नको. आज सांगणं म्हणजे पडलेल्याला लाथ मारणं. मित्राच्या तोंडाकडे बघून आयुष्यभर त्याला असंच काहीतरी वाटत आलं होतं.

"बघतो," तो म्हणाला.

गेबहार्टच्या 'बघतो'चा अर्थ गावात लहान पोरालाही ठाऊक होता. फोल्कमारने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि एका दमात बिअर संपवली.

घरी इर्मी मसूर आणि श्पेट्झलच्या शेवया घेऊन टेबलापाशी वाट बघत होती.

"सांगितलंस?"

गेबहार्टने जाकीट खुंटीला लावलं. बूट काढले. बुटांची जोडी भिंतीला नीट लावून ठेवली.

"गेबहार्ट, मी भिंतीशी बोलत नाहीये."

"फोल्कमारची पाकोळी मोडली."

"म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरून आलास."

"शेवटची म्हणतोय."

"क्लबातल्या त्या दातांच्या डॉक्टरचीही शेवटचीच होती. त्याच्या मेव्हण्याचीही. तुमच्या शेवटाला काही शेवट आहे का?"

"त्याला कसं नाही म्हणू, इर्मी? त्यानेच कोरलेलं आहे ते."

"आणि हात कुणाचे आहेत? हात पण त्यानेच कोरलेत?"

गेबहार्टने खुर्ची ओढली. बोलू नये ते बोलून गेला. "तो म्हणतो, माझ्या हाताला देवाने काहीतरी वेगळंच दिलंय."

"दिलंय ना. खाज."

दोघांनाही एकदम हसू फुटलं. गेबहार्ट तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला वाटलं, चला, वादळ टळलं. पण इर्मीने हसता हसता एप्रन काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खुर्चीत बसून राहिली.

"मी दमले रे," ती म्हणाली. "तू दमलायस तेवढीच मीही दमलेय. घरभर तो वास, पडद्यांना वास, तुझ्या उशीला वास. दर उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ म्हणतोस आणि दर उन्हाळ्यात कुणाचं तरी धड साच्यात असतं. ते सगळं मी सोसलं. पण तुझा श्वास अडकेल आणि मी जिन्यात उभी राहून बघेन, ते माझ्याने होणार नाही. मी हेडविगकडे जातेय. तू त्याला सांगितलंस की फोन कर. त्याच्याआधी नको."

हेडविग तिची बहीण, उल्मला राहायची. इर्मी एक पिशवी घेऊन सकाळच्या बसने निघून गेली. मसुराचं भांडं फ्रीजमध्ये होतं आणि त्यावर झाकण होतं. गेबहार्टने ते उघडलं आणि परत बंद केलं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? सरळ फोल्कमारकडे जाईल आणि दोन वाक्यं बोलेल. गेबहार्ट गेला नाही. तो तळघरात उतरला. त्याने स्वतःची समजूत अशी घातली, की एवढं एक धड देऊन टाकू, मग हसत हसत सांगू. धड हातात असलं की सांगणं सोपं जाईल. नाही म्हणायलासुद्धा या माणसाला आधी भेट द्यावी लागत होती!

साच्यात जुन्या मेणाची पुटं चढून ती दुधाळ झाली होती. अशा पुटांवर केलेलं धड खरबरीत येतं, म्हणून त्याने दोन्ही अंगं थिनरने धुऊन अगदी कोरी केली. मग डाव्या अंगाला मेण लावायला घेतलं. चोपडायचं, थांबायचं, घासायचं, परत चोपडायचं. दर वेळी घासताना बोटांच्या भेगा उघडत होत्या. डावं अंग होईपर्यंत पापण्या जड झाल्या. जरा पाठ टेकावी म्हणून तो वर आला, सोफ्यावर आडवा झाला आणि झोपला. जाग आली तेव्हा दुपार कलली होती आणि घरात अगदी सामसूम होती. इर्मी असती तर भांड्यांचा आवाज आला असता. तो डोळे चोळत खाली गेला. दोन्ही अंगं दिव्याखाली सारखीच चमकत होती. थकलेल्या डोळ्यांना धुतलेली चमक आणि मेणाची चमक यांतला फरक कळला नाही. त्याने रेझिन कालवलं.

डाव्या अंगात पांढरं रेझिन लावलं तेव्हा नेहमीचंच झालं. मेणावर रेझिन बसायला तयार नसतं. लावावं तर आक्रसतं, ठिपक्याठिपक्यांनी गोळा होतं, मधे उघडी जागा सोडतं, आणि पुन्हा पुन्हा ब्रश फिरवून त्याची मनधरणी करावी लागते. त्याने केली. मग उजव्या अंगाकडे वळला. ब्रश टेकवला आणि रेझिन गरम पावावरच्या लोण्यासारखं पसरलं. कुठे ठिपका नाही, कुठे आक्रसणं नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, शुभ्र, देखणं. त्याने पूर्ण अंग रंगवलं आणि मनात म्हणाला, वा, आज किती छान बसतंय.

आणि मग त्याला कळलं की ते इतकं छान का बसतंय.

त्याने ब्रश डब्यात ठेवला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. रेझिन ओलं होतं. थिनरमध्ये चिंधी बुडवायची, पुसून काढायचं, मेण लावायचं, पुन्हा सुरुवात करायची. एवढंच. थिनरचा डबा हाताच्या अंतरावर होता. गेबहार्टने चिंधी उचलली. तो उभा राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, रेझिनच्या वासाने, आणि कदाचित नुसत्या वासाने नव्हे. पुसायचं, लावायचं, घासायचं, थांबायचं. मग फोल्कमारची पाकोळी. मग कुणाची तरी मोडेल, मग त्याची. साचा असेपर्यंत लोक येत राहणार आणि तो मान डोलावत राहणार, हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्याला स्वतःचाच संताप आला. आणि त्याच क्षणी दुसरंही दिसलं. काहीच केलं नाही तर? काही बोलायला नको, कुणाला तोंड द्यायला नको. सुंठीवाचून खोकला जाईल.

त्याने चिंधी खाली ठेवली. काचेचं कापड उचललं, उजव्या अंगात अंथरलं आणि नेहमीच्या काळजीने एकेक बुडबुडा टोचून काढला. मग दोन्ही अंगं मिटून बोल्ट आवळले.

साचा उघडायला ज्याचं धड त्यानेच यायचं आणि पहिली पाचर त्यानेच ठोकायची, असा क्लबाचा रिवाज होता. पुढच्या शनिवारी सकाळी गल्लीत जो तो आपल्या दारासमोरचा रस्ता झाडत असताना फोल्कमार लोणी लावलेल्या ब्रेत्सेल पावांची पिशवी घेऊन आला.

"इर्मी कुठाय?"

"हेडविगकडे."

"मग आज पायात बूट घालून तळघरात जायला मोकळीक!" तो हसला आणि धडधडत जिना उतरला. गेबहार्टने सुती हातमोजे चढवले होते. फोल्कमारने ते बघितले की नाही कोण जाणे.

बोल्ट निघाले. फोल्कमारने फटीत लाकडी पाचर लावली, हातोडीने हलकेच ठोकली. कर्रर आवाज करत डावं अंग सुटलं आणि आतून पांढरंशुभ्र धड अर्धं बाहेर दिसलं. "अहाहा!" फोल्कमार म्हणाला. "बघ तिच्याकडे! नवरी आहे नवरी!" मग उजव्या अंगाची पाळी. पाचर गेली नाही. दुसरी लावली. गरम पाणी ओतलं. पंपाने फटीत हवा मारली. रबरी हातोडीने पाठीवर ठोकलं. फोल्कमारच्या कपाळावर घाम आला, शर्ट पाठीला चिकटला. शेवटी त्याने जोराने पाचर मारली तशी साच्याची कड तुटली आणि आतलं धडही तिथे चिरलं. त्याने तुटका तुकडा उचलला, उजेडात धरला. साच्याची कातडी आणि धडाची कातडी, दोन्ही एक झाल्या होत्या.

"मेण," फोल्कमार म्हणाला. "गेबहार्ट, तू मेण लावायला विसरलास."

गेबहार्ट पाचरा गोळा करू लागला. गप्प राहिलं तर सगळं निभावत होतं. फोल्कमार पायरीवर बसला, तो तुकडा मांडीवर ठेवून त्यावरून अंगठा फिरवत राहिला. त्याचा मोठा चेहरा असा कोसळलेला गेबहार्टने त्याच्या आईच्या मयतीनंतर पहिल्यांदाच बघितला. पण फोल्कमारने नाक ओढलं, उठला आणि गेबहार्टच्या खांद्यावर हात ठेवला.

"असो. होतं माणसाकडून. तू मनाला लावून घेऊ नकोस, ऐकतोस का? मीच घाई केली तुला. नवा नमुना करू. मी कोरतो, डोळे आहेत तोवर. साचा तू घे. सगळी पोरं तुझ्या मागे उभी करतो. पुढच्या वसंतात उडवू!"

ये रे माझ्या मागल्या! गेबहार्टला वाटलं, आपण हसतोय की काय. साचा मारला, मित्राची ती एकुलती एक रेघ मारली, आणि परत मान डोलवायची वेळ दारात उभी. आणि हा माणूस वर समजूत काढतोय. ती समजूत त्याला सहन होईना.

"मी विसरलो नाही," तो म्हणाला.

"काय?"

"आधी विसरलो. पण रेझिन लावताना कळलं. ओलं होतं तेव्हाच कळलं. पुसता आलं असतं. मी नाही पुसलं." त्याने हातमोजे ओढून काढले. "मला हे काम करायचं नाही, फोल्कमार. डॉक्टरने बंद सांगितलंय. छातीवर जाईल म्हणतात. इर्मी त्याचसाठी घर सोडून गेलीय."

फोल्कमारने हातांकडे बघितलंसुद्धा नाही. तो गेबहार्टच्या तोंडाकडे बघत होता.

"कधी सांगितलं डॉक्टरने?"

"त्या शुक्रवारच्या आधी."

"आधी. म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. या माणसाला बारीक आवाज आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. "अरे, एक शब्द बोलायचा होतास. एक! मी काय तुझा गळा धरला असता? साचा मी उचलून नेला असता, माझं मी केलं असतं, वाटोळं केलं असतं तर माझ्या हाताने केलं असतं. तू मला नाही म्हणायच्या ऐवजी हे केलंस?"

"मला बोलता आलं नाही."

"चांगलंय. चांगलंय हो, मित्रा."

त्याने उजवं अंग, आत अडकलेल्या धडासकट, खांद्यावर घेतलं आणि जिना चढून गेला. ब्रेत्सेलची पिशवी बाकावर तशीच राहिली. गेबहार्टने उल्मला फोन लावला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाला?"

गेबहार्टने सगळं सांगितलं, काही न लपवता. मग इर्मी म्हणाली, "अरे देवा, गेबहार्ट," आणि म्हणाली, "येते मी."

पुढच्या शुक्रवारी फोल्कमारने क्लबात जाहीर केलं, की पाकोळीचा साचा त्याने स्वतः हातोडी मारून फोडला, चूक सर्वस्वी त्याची, गेबहार्टची तब्येत बरी नाही, तेव्हा यापुढे त्याला कुणी त्रास द्यायचा नाही. हे गेबहार्टला दातांच्या डॉक्टरकडून बेकरीत कळलं. "फोल्कमार म्हणजे रेडाच आहे," डॉक्टर म्हणाला, "इतका सुंदर साचा!" गेबहार्टने पाव घेतला आणि घरी आला.

हवं होतं ते सगळं मिळालं. घराला वास येईना. बेल वाजेना. इर्मीने पडदे धुतले, समुद्रावरच्या घराचं भाडं भरून टाकलं. बोटांवरच्या खपल्या पडल्या, खाली गुलाबी कातडी आली, बटणं त्याची तो लावू लागला. पण शुक्रवारी संध्याकाळी तो खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा आणि इर्मी बघून न बघितल्यासारखं करायची. माणसाला विसावा मिळाला होता आणि त्या विसाव्यात त्याला करमत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "जा ना त्याच्याकडे. काय खाणार आहे तुला?"

"काय बोलू?"

"ते मला काय माहीत? पण या खेपेला त्याला बरं वाटेल असलं काही बोलू नकोस म्हणजे झालं."

फोल्कमार दारासमोरचा रस्ता झाडत होता. गेबहार्ट फुटपाथच्या कडेला थांबला. फोल्कमार आपला झाडतच राहिला.

"क्लबात तू माझ्यासाठी खोटं बोललास," गेबहार्ट म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही. लोकांनी तुला हसलेलं मला चाललं नसतं, म्हणून." पानांचा ढीग त्याने एका बाजूला केला. "एक विचारू? आणि खरं सांगायचं. मी तसा होतो का रे? नाही म्हणायची सोयच नाही, असा माणूस?"

गेबहार्टकडे उत्तर तयार होतं. छे रे, तू कसला, माझाच स्वभाव भिडस्त. हे म्हटलं की दोघं हसले असते, आत जाऊन मोस्टचा, सफरचंदाच्या घरगुती दारूचा, ग्लास घेतला असता, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

"होतास," तो म्हणाला. "मी भित्रा आहे, ते आहेच. साचा मी मारला, त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. पण तू कधी बघायचास का? मागच्या हिवाळ्यात माझे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. तू धड न्यायला आलास आणि म्हणालास, झोप झालेली दिसत नाही."

फोल्कमारचा झाडू थांबला. समोरच्या घरातली बाई बादली घेऊन बाहेर आली, दोघांना नमस्कार केला, पायऱ्यांवर पाणी ओतून आत गेली.

"मला वाटलं, खरंच झोप झाली नसेल," फोल्कमार म्हणाला.

"माहितेय."

फोल्कमारने झाडू भिंतीला टेकवला. मग हात पुढे केला. "दाखव."

गेबहार्टने दोन्ही हात पुढे धरले. फोल्कमारने ते आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून बघितल्या. खूप उशिरा आलेल्या माणसासारखा तो बघत होता.

"बरे दिसतायत," तो म्हणाला.

"बरे झाले."

"दुखायचे?"

"खूप."

फोल्कमारने मान हलवली. हात मात्र त्याने लगेच सोडले नाहीत.